पानथरीतली गाठ: कोणती काढायची, कोणती नुसती पाहायची, आणि काढली तर पुढे काय

घाटंजीकडच्या एका भाऊंनी विचारलंय, थोडक्यात असं की आई ५१ वर्षांची, पाठीत-कुशीत दुखत होतं म्हणून मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली, तर खडा राहिला बाजूला आणि रिपोर्टात प्लीहेत, म्हणजे पानथरीत, ३.८ सेंटिमीटरची गाठ लिहून आली. एक डॉक्टर म्हणाले पानथरीच काढून टाका, दुसरे म्हणाले काही नाही, सहा महिन्यांनी पाहू, आणि गावात तोवर कॅन्सर कॅन्सर सुरू झालं. कापसाची वेचणी चालू आहे, घरात बाईमाणूस एकच. तर या गाठी किती प्रकारच्या असतात, ऑपरेशन कसं करतात, पैसे किती लागतील, आणि आई पुन्हा वावरात जाईल का.

मी इकडेच विदर्भात जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जन आहे, बरीच वर्षं झाली. पानथऱ्या काढल्यात आणि त्याहून जास्त पेशंट न काढता घरी पाठवलेत, म्हणून जरा लांब लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी तुमच्या आईपुरतं सांगून टाकतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. ताप नाही, वजन उतरलं नाही, रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आहेत, आधी कुठला कॅन्सर झालेला नाही आणि गाठ दुसरंच काही शोधताना सापडली, असं सगळं असेल तर ती गाठ साधी असण्याचीच शक्यता जास्त. पण नुसत्या सोनोग्राफीवर ना ऑपरेशन ठरवायचं ना 'काही नाही' म्हणून सोडून द्यायचं. कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन करा, मग बोलू. दोन्ही डॉक्टर मधली एक पायरी गाळून बोलले एवढंच.

आता पानथरी म्हणजे काय ते. डाव्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड लपलेली, मुठीएवढी, साधारण १५०-२०० ग्रॅमची. नागपूर-भंडाऱ्याकडे तिल्ली पण म्हणतात. जुन्या झालेल्या रक्तपेशी गाळून काढणं आणि काही ठराविक जंतूंशी लढणं ही तिची दोन मोठी कामं. नॉर्मल असली तर पोटावर हात ठेवून लागत नाही. हाताला लागली म्हणजे ती बरीच वाढलेली आहे असं समजा.

इथे एक घोळ होतो तो आधीच सोडवून घेऊ. 'पानथरी वाढली' आणि 'पानथरीत गाठ आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भागात पानथरी वाढण्याची कारणं ढीगभर, आणि त्यातल्या बहुतेकांत गाठ नसतेच. गडचिरोलीकडे मलेरिया, वारंवार होऊन गेलेला असला की पानथरी बेंबीपर्यंत उतरलेली मी पाहिली आहे, आणि तिथे इलाज मलेरियाच्या गोळ्यांचा असतो, चाकूचा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) आहे. पुस्तकात वाचाल तर सिकलसेलमध्ये पानथरी लहानपणीच आकसून संपते, पण ते आफ्रिकन प्रकाराचं वर्णन, आपल्याकडच्या पेशंटमध्ये गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं म्हणून कित्येकांची पानथरी मोठेपणीही मोठीच राहते, त्यात मधून मधून रक्तपुरवठा अडून डाग पडतात आणि तेच डाग सोनोग्राफीत गाठीसारखे दिसतात. म्हणून मी सिकलची तपासणी झाल्याशिवाय पानथरीच्या गाठीवर बोलतच नाही. साधी सोल्युबिलिटी टेस्ट सरकारी दवाखान्यात होते, पॉझिटिव्ह आली तर पुढची, हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. मग दारूने खराब झालेलं लिव्हर, किंवा लहान वयात पोर्टल व्हेनमध्ये (आतडी-पानथरीतून लिव्हरकडे रक्त नेणारी शीर) गुठळी होऊन ती बंद झालेली, त्यातही पानथरी फुगते आणि अशा पोराला रक्ताची उलटी होते. आणि ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार, सीएमएल, त्यात तर पानथरी प्रचंड होते, पण २००१ साली इमॅटिनिब आल्यापासून तो गोळीवर सांभाळता येणारा आजार झालाय, त्यात पानथरी काढायची वेळ जवळजवळ येतच नाही.

आणि एक सांगतोच. पोट फुगलं, पानथरी लागली की पोटावर चटके द्यायची रीत अजून पूर्ण गेलेली नाही. मेळघाटात डंबा म्हणतात, लहान लेकरांच्या पोटावर तापलेल्या सळईचे डाग. कुणी कितीही सांगो, त्याने पानथरीचं काही होत नाही, लेकराला जखम होते, ती चिघळते आणि तपासणीचा वेळ जातो तो वेगळाच.

आता गाठी. मी त्यांना मनातल्या मनात आधी दोन ढिगांत टाकतो, पाण्याच्या आणि भरीव.

पाण्याच्या म्हणजे सिस्ट. यात एक असते जुन्या माराची. बैलाने शिंग मारलं, बंडीवरून पडला, मोटरसायकलचं हॅंडल पोटात घुसलं, त्या वेळी आत थोडं रक्त साचलं, कुणाला कळलं नाही, महिन्या-वर्षांनी त्याची सिस्ट झाली. पेशंटला विचारलं तर आधी नाही म्हणतो आणि मग बायको आठवण करून देते की अहो तो पोळ्याच्या वेळचा मार. या सिस्टला आतून अस्तर नसतं. दुसरी जन्मजात, अस्तर असलेली, जास्त करून तरुण मुलींमध्ये आणि लहान मुलांत दिसते, पोट जड वाटतं, जेवल्यावर लवकर भरल्यासारखं होतं. आणि तिसरी हायडॅटिड, ही जंताची. कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी असतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर जातात, मेंढ्या ती खातात, मेंढीची गाठ असलेली आतडी-काळीज कुत्र्याला टाकली की चक्र पूर्ण. माणूस मधे चुकून सापडतो. मेंढरं पाळणारे, कुत्री सोबत असणारे, त्यांच्यात ही जास्त दिसते. लिव्हर आणि फुप्फुसात नेहमीची, पानथरीत क्वचित, पण क्वचित म्हणजे नाहीच असं नाही. सीटीत मोठ्या सिस्टच्या आत छोट्या छोट्या पिल्ल्या सिस्ट किंवा कडेला चुन्याची पांढरी रेघ दिसली की कान टवकारायचे. अशा गाठीत कुणीही 'पाणी काढून पाहू' म्हणून सुई घालायची नाही, आतलं पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते आणि नंतर पोटभर नव्या गाठी उगवू शकतात.

पू झालेली गाठ पण पाण्याची म्हणून येते. तिला थंडी-ताप असतो, डावा खांदा दुखतो, डायबेटिस किंवा सिकल किंवा हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन मागे असतं. तिचा रस्ता वेगळा, अँटिबायोटिक आणि बऱ्याचदा नळी टाकून पू काढणं. टीबीचे बारीक बारीक ठिपकेही पानथरीत होतात, एचआयव्ही असलेल्या पेशंटमध्ये जास्त, त्याला टीबीच्याच गोळ्या.

भरीव गाठींत साध्या गाठींपैकी सगळ्यात जास्त सापडते ती हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुच्छ. तुमच्या आईची बहुतेक हीच निघेल असा माझा अंदाज, पण मी फिल्म पाहिलेली नाही म्हणून अंदाजच म्हणा. जुन्या पुस्तकांत ही गाठ फुटण्याची भीती फार मोठी लिहिली आहे, कारण तेव्हा फुटल्यावरच कळायची. आता सोनोग्राफी गावोगावी झाल्यापासून न फुटलेल्या, कधीच त्रास न देणाऱ्या कितीतरी सापडतात, त्यामुळे ४ सेंटिमीटरच्या आतली, त्रास नसलेली, सीटीत टिपिकल दिसणारी हिमॅन्जिओमा मी काढत नाही. मोठी असेल, वाढत असेल, दुखत असेल किंवा प्लेटलेट खात असेल तर गोष्ट वेगळी.

मग हामार्टोमा, म्हणजे पानथरीचाच मांस-भाग उलटसुलट रचनेत वाढलेला, निरुपद्रवी. लिम्फॅन्जिओमा, लहान मुलांत, मधाच्या पोळ्यासारखी खण-खण असलेली. मग दोन नावं अशी आहेत जी रिपोर्टात आली की पेशंट घाबरून रात्री फोन करतो. एक लिटोरल सेल अँजिओमा, १९९१ साली पहिल्यांदा वेगळी ओळखली गेली, पानथरीभर बारीक बारीक गाठी असतात. ती स्वतः बहुधा साधीच पण अशा काही पेशंटला शरीरात दुसरीकडे कॅन्सर सापडलेला आहे, म्हणून बाकी तपासणी नीट करतात आणि पुढे नजर ठेवतात. दुसरी सांट, पूर्ण नाव स्क्लेरोझिंग अँजिओमॅटॉइड नोड्युलर ट्रान्सफॉर्मेशन, नाव मोठं पण गाठ साधी. गंमत अशी की ही पेट स्कॅनवर (कॅन्सर कुठे आहे ते शोधायचा स्कॅन) कॅन्सरसारखी चमकू शकते, त्यामुळे पेट चमकलं म्हणजे कॅन्सरच असं पक्कं धरू नका.

आता ज्याला लोक घाबरतात ते. पानथरीतला सगळ्यात नेहमीचा कॅन्सर लिम्फोमा, म्हणजे लिम्फ ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर. बहुतेक वेळा तो शरीरात इतर ठिकाणीही असतो, गळ्यात-काखेत गाठी, रात्री घाम, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप (हेच सगळं टीबीतही असतं, म्हणून आपल्याकडे कित्येक पेशंट आधी टीबीच्या गोळ्या खाऊन येतात). यात सर्जनचं काम मुख्यतः नमुना मिळवून देण्याचं, कारण इलाज औषधांचा आहे. स्प्लेनिक मार्जिनल झोन नावाचा एक संथ लिम्फोमा आहे, त्यात पूर्वी पानथरी काढायचे, आता रिटुक्सिमॅब इंजेक्शनवर बरेच पेशंट चांगले राहतात, आणि त्याच्यासोबत हिपॅटायटिस सी असेल तर नुसत्या सीच्या गोळ्यांनी लिम्फोमा ओसरल्याची उदाहरणं आहेत. हेअरी सेल ल्युकेमियातही तसंच, आधी पानथरी काढणं हाच उपाय होता, आता क्लॅड्रिबिन हे औषध.

अँजिओसार्कोमा मात्र खरंच वाईट. फार दुर्मिळ, पण रक्तवाहिन्यांचा कॅन्सर असल्यामुळे भराभर वाढतो, लिव्हरमध्ये जातो, आणि पानथरी आतून फुटून पेशंट थेट शॉकमध्ये येऊ शकतो. पानथरी वाढलेली, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट घसरत चाललेले, सीटीत वेगवेगळ्या आकाराच्या रक्ताळलेल्या गाठी, असं दिसलं तर सहा महिने थांबायचं नसतं, सहा दिवसही जास्त. फुटायच्या आधी काढली तर थोडा तरी वेळ मिळतो. तरी बहुतेक पेशंट वर्षभरही काढत नाहीत, हे नातेवाईकांना स्पष्ट सांगावं लागतं.

आणि दुसरीकडून पसरून आलेला, स्तन, फुप्फुस, अंडाशय, मोठं आतडं, कातडीचा मेलानोमा यांतून. हा बहुधा बाकी शरीरात पसरल्यावरच पानथरीत येतो. फक्त पानथरीतच एकुलती गाठ आहे आणि मूळ कॅन्सर काबूत आहे अशा मोजक्या पेशंटमध्येच पानथरी काढून फायदा होतो, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये हे जास्त करतात.

तपासणीचं. रक्ताचा पूर्ण रिपोर्ट आणि स्लाइड डोळ्यांनी पाहिलेली, नुसतं मशीनचं प्रिंट नको. सिकल, एलडीएच, लिव्हर, किडनी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी. सिस्ट असेल तर हायडॅटिडची एलायझा, पण ती निगेटिव्ह आली म्हणून हायडॅटिड नाहीच असं होत नाही. मग ट्रिपल फेज सीटी, म्हणजे कॉन्ट्रास्ट दिल्यावर तीन वेगवेगळ्या वेळी चित्रं घेणारा. कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पाहिलं जातं, आईला शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर आधी सांगा, आधी कुठल्या इंजेक्शनची रिॲक्शन आली असेल तर तेही. सीटीवर समजलं नाही तर एमआरआय. सुईची बायोप्सी पूर्वी पानथरीत करायचीच नाही असं शिकवायचे, रक्त वाहायच्या भीतीने. आता बारीक सुईने, सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने, हात बसलेल्या रेडिओलॉजिस्टकडून केली तर मोठा रक्तस्राव शंभरात एखाद-दोघांना होतो. म्हणजे लिम्फोमाचा संशय असेल तर अख्खी पानथरी काढण्यापेक्षा सुई बरी. पण हायडॅटिडमध्ये नाही, हिमॅन्जिओमा किंवा अँजिओसार्कोमा वाटत असेल तर नाही, प्लेटलेट कमी असतील तर नाही. आणि तालुक्याच्या ठिकाणी जिथे रक्तपेढी नाही तिथे तर मुळीच नाही. नागपूरला मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), एम्स, वर्ध्याकडे सेवाग्राम, सावंगी, कॅन्सरचंच असेल तर नागपूरची कॅन्सर हॉस्पिटलं, एवढं आपल्याकडे आहे, लगेच मुंबईला टाटाला पळायची गरज प्रत्येकाला नसते.

ऑपरेशन कधी करतो मी? गाठ कॅन्सरची वाटते आणि सुईने सिद्ध करता येत नाही. गाठ बघता बघता वाढते आहे. सिस्ट ५ सेंटिमीटरच्या वर आणि त्रास देते. हायडॅटिड मोठी आहे. गाठ फुटली आहे. पेशंटला खरंच दुखतंय आणि दुखण्याचं दुसरं कारण सापडत नाही (बहुतेकदा सापडतं, ॲसिडिटी किंवा मणक्याचं निघतं आणि बिचारी गाठ उगाच आरोपी ठरते). एवढं सोडलं तर थांबणं परवडतं.

करायचं ठरलं तर पहिलं काम लसींचं, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष यातच होतं. न्युमोकॉकल, मेनिंगोकॉकल आणि हिब, या तीन लसी ऑपरेशनच्या किमान २ आठवडे आधी. इमर्जन्सीत पानथरी काढावी लागली तर १४ दिवसांनी द्यायच्या, सुट्टीच्या वेळी तारीख लिहून द्यायची. रिटुक्सिमॅब चालू होणार असेल तर त्याच्याही आधी, कारण ते इंजेक्शन घेतल्यावर सहाएक महिने लस नीट लागत नाही. या लसी स्वस्त नाहीत आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, ऑर्डर द्यावी लागते, फ्रिजमध्ये आणाव्या लागतात, म्हणून तारीख ठरतानाच हे बोलून घ्या.

ऑपरेशन दोन तऱ्हेचं, पोट उघडून किंवा दुर्बिणीने. दुर्बिणीने पहिली पानथरी १९९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये काढली, आता नागपुरात नेहमीचं झालंय. पेशंटला उजव्या कुशीवर झोपवतात, तीन-चार भोकं, पानथरीला धरून ठेवणारे पडदे एकेक सोडवत जायचं, मग तिच्या देठाशी येतो तिथे सगळं कसब. त्या देठातच मोठी धमनी आणि शीर, आणि त्याला अगदी चिकटून स्वादुपिंडाचं शेपूट. स्टेपलर लावताना ते शेपूट चिमटलं तर नंतर स्वादुपिंडाचा रस पोटात गळतो, नळीतून पाणी येत राहतं, पेशंट आठवडे अडकतो. घाई करणाऱ्या सर्जनचा हात इथेच कळतो. सुटी झालेली पानथरी पिशवीत घालून, साधी गाठ असेल तर पिशवीतच तुकडे करून बाहेर काढतात. पण कॅन्सरचा संशय असेल तर तुकडे करायचे नाहीत, एक काप मोठा घेऊन अख्खी बाहेर काढायची, आणि आत फुटू द्यायची नाही, कारण फुटली की पेशी पोटभर सांडतात. पानथरी २० सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल तर मी सरळ पोट उघडतो. लोकांना वाटतं दुर्बीण म्हणजे मोठा डॉक्टर, उघडलं म्हणजे जुना डॉक्टर. तसं काही नाही, भल्या मोठ्या पानथरीत उघडंच सेफ. अशा वेळी आधी जठराच्या मागून जाऊन मुख्य धमनी बांधून घेतली की पानथरी आकसते, आतलं रक्त पेशंटच्याच अंगात परत जातं आणि पुढचं काम सोपं होतं.

तिसरा मार्ग आहे अर्धी पानथरी वाचवायचा. पानथरीला रक्त देणाऱ्या फांद्या वाटून घेतल्यासारख्या असतात, वरच्या टोकाला गाठ असेल तर तेवढ्याच फांद्या बांधून वरचा भाग काढता येतो. किमान पाव ते तिसरा हिस्सा जिवंत राहिला तर जंतूंशी लढायचं काम बऱ्यापैकी चालतं. साध्या गाठी, सिस्ट, विशेषतः लहान मुलं, यांच्यात मी आधी हाच विचार करतो. पण त्या ऑपरेशनात रक्त जास्त जाऊ शकतं, सगळीकडे जमत नाही, आणि आधी पेशंटला सांगून ठेवावं लागतं की नाही जमलं तर अख्खी काढू. सिस्टचं नुसतं छप्पर कापून ती उघडी ठेवायची एक पद्धत आहे, सोपी आहे, पण अस्तर असलेली सिस्ट तशी सोडली तर परत भरते. हायडॅटिडमध्ये ऑपरेशनच्या आधी आणि नंतर अल्बेंडाझोल देतात, पोटात सगळीकडे मिठाच्या कडक पाण्यात भिजवलेली पॅकं लावून मगच गाठीला हात लावतात.

सिकलवाल्या पेशंटला वेगळी तयारी लागते. रक्त चढवून हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणायचं, सलाईन, ऑक्सिजन, आणि थंडी वाजू द्यायची नाही. डिसेंबरातल्या आपल्याकडच्या थंडीत तर ऑपरेशन थिएटरचा एसी बंद करायला लावतो मी, स्टाफ कुरकुरला तरी चालेल.

आणि नातेवाईकांनो, काढलेली पानथरी तपासणीला गेली का हे विचारा. डबा हातात देऊन 'लॅबमध्ये नेऊन द्या' म्हणतात आणि तो डबा दोन दिवस एसटीत आणि लॉजमध्ये फिरतो, असं होतं. पानथरी आतून रक्ताने भरलेली, अख्खी तशीच फॉर्मेलिनमध्ये टाकली तर औषध आतपर्यंत पोचत नाही आणि मधला भाग सडतो, मग पॅथॉलॉजिस्ट काय सांगणार? चकत्या करून, भरपूर फॉर्मेलिनमध्ये, त्याच दिवशी. लिम्फोमाचा संशय असेल तर थोडा तुकडा ताजा, फॉर्मेलिन न लावता, वेगळा पाठवावा लागतो. हे सर्जनचं काम आहे पण विचारायला पैसे पडत नाहीत.

ऑपरेशननंतर दुर्बिणीचा पेशंट तीन-चार दिवसांत घरी, उघड्याचा आठवडाभर. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग दबतो म्हणून श्वासाचा व्यायाम करायलाच लागतो, दुखतंय म्हणून पडून राहिलं की न्युमोनिया. प्लेटलेट वाढतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात जास्त, १० लाखांच्या वर गेले तर बहुतेक डॉक्टर ॲस्पिरिन देतात. घरी गेल्यावर पोटात दुखून ताप आला, उलट्या झाल्या तर पोर्टल व्हेनमध्ये गुठळी झाली का पाहायला डॉप्लर (शिरेतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी) करावं लागतं, पानथरी जेवढी मोठी होती तेवढी ही शक्यता जास्त. गॅस समजून सोडा-जिरं घेत बसू नका.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहितोय ते. पानथरी नसलेल्या माणसाला ताप येणं ही साधी गोष्ट नाही. १९५२ साली अमेरिकेत किंग आणि शुमाकर यांनी पानथरी काढलेल्या तान्ह्या मुलांमध्ये भयंकर इन्फेक्शन होतं हे दाखवलं, त्याच्या आधी सर्जन पानथरी बिनधास्त काढायचे, नसली तरी चालते म्हणून. चालत नाही. न्युमोकॉकस नावाचा जंतू अशा माणसात सकाळी थंडी वाजून तापापासून सुरू होतो आणि रात्रीपर्यंत बीपी पडून माणूस जाऊ शकतो. असं इन्फेक्शन क्वचितच होतं, पण झालं तर निम्म्याच्या आसपास पेशंट दगावतात. पहिली दोन-तीन वर्षं धोका जास्त, पण आयुष्यभर पूर्ण जात नाही. गडचिरोलीतल्या चामोर्शीकडचा एक तरुण आठवतो, अपघातात पानथरी फुटली म्हणून एका दवाखान्यात काढली होती, जीव वाचवला त्यांनी, पण लसीचं, तापाचं कुणी काही सांगितलंच नव्हतं. काही वर्षांनी ताप आला, 'वेचणी हाये, सांजच्याला पाहू' म्हणून क्रोसिनवर काढलं, संध्याकाळी आणला तेव्हा हातपाय निळे. वाचला, पण पायाची बोटं गेली. तिथून जवळचं आयसीयू किती लांब आहे ते तिकडच्या माणसाला माहीत आहे, आणि म्हणूनच माझं म्हणणं असं की नागपुरात धरमपेठेत राहणाऱ्याची पानथरी काढणं आणि फाट्यापासून आत आठ-दहा किलोमीटर राहणाऱ्याची काढणं हा एकच निर्णय नाही. साध्या गाठीसाठी तर नाहीच. सर्जनने पेशंटचा गाव विचारला पाहिजे, नुसता सीटी पाहून भागत नाही.

काढलीच असेल तर घरात अँटिबायोटिक ठेवायचं, बहुतेकदा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलनेट, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं. ताप १०१ च्या आसपास गेला, थंडी वाजली की पहिला डोस घ्यायचा आणि निघायचं. गोळी घेतली आता उद्या पाहू, असं नाही, गोळी ही रस्त्यापुरती. लहान मुलांना रोजची पेनिसिलिन वर्षानुवर्षं द्यावी लागते. कुत्रा चावला तर रेबीजची इंजेक्शनं तर घ्यायचीच पण सोबत अँटिबायोटिकही, कारण कुत्र्याच्या लाळेत एक असा जंतू असतो जो पानथरी असलेल्याला सहसा काही करत नाही आणि नसलेल्याला मारून टाकतो. जंगलपट्ट्यात राहत असाल तर मच्छरदाणी सोडू नका, मलेरियाही अशांना जास्त जोरात होतो. फ्लूची लस दरवर्षी, न्युमोकॉकलचा पुढचा डोस डॉक्टर सांगतील त्या वर्षी. आणि 'पानथरी काढलेली आहे' असं लिहिलेली चिठ्ठी पाकिटात, आधार कार्डासोबत. गावातल्या आशाताईला आणि पीएचसीच्या डॉक्टरला एकदा सांगून ठेवा.

पैशाचं विचारलंत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पानथरीचं ऑपरेशन बसतं, कव्हर आता वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आहे, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटूनच ॲडमिट व्हा. ॲडमिट झाल्यावर, पैसे भरल्यावर योजना आठवली तर फार धावपळ होते. लसींचा खर्च मात्र बऱ्याचदा खिशातूनच करावा लागतो, तो धरून चला.

वेचणीचं म्हणाल तर आईला वेचणी करू द्या, वाकून कापूस वेचल्याने ३.८ सेंटिमीटरची गाठ फुटत नाही. कापसाचं भरलेलं गाठोडं डोक्यावर उचलणं आणि बंडीवर उभं राहून हेलकावे खाणं तेवढं सीटी होईपर्यंत टाळा, पोटावर मार बसायला नको. सीटी मात्र दोन-तीन आठवड्यांत करून घ्या, दिवाळीनंतर-संक्रांतीनंतर असं करू नका. मधेच एकदम डाव्या बाजूला जोरात दुखलं, खांद्यात कळ गेली, चक्कर आली, घाम सुटला तर वेचणी-बिचणी सोडून सरळ यवतमाळ, आणि गाडीत आडवं झोपवून न्या. पुढेमागे ऑपरेशन झालंच तर दुर्बिणीचं असल्यास तीनेक आठवड्यांनी हलकी कामं, उघडं असल्यास दोन-अडीच महिने जड उचलायचं नाही, नाहीतर टाक्याच्या जागी हर्निया होतो आणि तोही माझ्याकडेच येतो.

सीटी झाल्यावर रिपोर्टाचा नुसता मोबाईलवर फोटो कुणाला पाठवू नका, सीडी मागून घ्या, सर्जनला चित्रं पाहायची असतात. रेडिओलॉजिस्टला तीन गोष्टी विचारा: गाठ पाण्याची की भरीव, एक की जास्त, आणि पानथरीच्या कोणत्या टोकाला. साधी हिमॅन्जिओमा म्हणाले तर सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने सोनोग्राफी, शक्यतो त्याच सेंटरवर आणि जुना रिपोर्ट सोबत घेऊन, कारण वेगळ्या मशीनवर वेगळ्या हाताने माप दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे येतंच आणि लोक उगाच म्हणतात गाठ वाढली. आणि हो, मुतखड्याचं राहूनच गेलं, आईचं दुखणं उजवीकडे आहे की डावीकडे ते लिहिलं नाहीत, तेवढं कळवा.